मैनाचा मागचा उजवा पाय

घोडेस्वारी क्लबच्या प्रवेशअर्जात शेवटचा प्रश्न होता, 'तुम्हाला इथे का यायचं आहे?' खाली चार ओळींची जागा. मी एकच ओळ लिहिली, 'मला घोडा पळवायचा आहे.' अर्ज घेणाऱ्या ताईंनी ती वाचली, हसू दाबलं आणि विचारलं, "आणि पळवून झाल्यावर?" मला प्रश्नच कळला नाही. पळवून झाल्यावर काय, घरी जायचं!

तेव्हा मी १४ वर्षांची होते. आता सतरावं संपत आलंय आणि नव्या मुलांचे अर्ज कधीकधी मीच घेते. बहुतेकांचं उत्तर माझ्यासारखंच असतं, फक्त कुणी 'पळवायचा'ऐवजी 'उडवायचा' लिहितं. मी तो प्रश्न विचारत नाही. विचारून काही उपयोग नसतो, हे मला स्वतःवरून माहीत आहे.

अर्जासोबत आईबाबांपैकी एकाची सही लागत होती, धनुर्वाताची लस घेतल्याची नोंद लागत होती आणि वजन-उंची. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, त्यामुळे तबेल्यात साधं खरचटलं तरी ती लस घेतलेली असावी लागते. वजन मात्र मी दोन किलो कमी लिहिलं होतं. कुणी चिडवू नये म्हणून. सरांनी काट्यावर उभं केलं आणि खोडून खरं लिहिलं. घोड्याच्या पाठीवरचं ओझं, खोगिरासकट, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवायचं असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे ४०० किलोच्या घोडीला ८० किलो. "तू खोटं लिहिलंस तर ते तिच्या पाठीला कळतं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

हेल्मेट हनुवटीखाली पट्टा असलेलंच हवं आणि बुटाला छोटी टाच हवीच. टाच नसेल तर पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो, आणि मग पडलात तर नुसतं पडून सुटका होत नाही, घोडा फरफटत नेतो. हे ऐकल्यावर आईने सही करायचा हात एकदा मागे घेतला होता.

पहिले तीन आठवडे मी घोड्यावर बसले नाही. बसले नाही म्हणजे बसूच दिलं नाही. आम्ही सहा नवी मुलं होतो आणि आम्हाला सहा फावडी मिळाली. तबेल्यातलं सगळं काम बघणारे काका आम्हाला एका खणात घेऊन गेले आणि ओल्या पेंढ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथून सुरुवात." ओला पेंढा काढायचा, कोरडा बाजूला सारायचा, लीद उचलायची, तळ कोरडा झाला की पेंढा परत पसरायचा, भिंतीकडेला थोडा जास्त. घोडा भिंतीला चिकटून आडवा झाला आणि पाय अडकले तर त्याला उठता येत नाही, म्हणून कडेला तो उंचवटा. दुसऱ्या दिवशी माझे तळहात सोलवटले. तिसऱ्या दिवशी सहांपैकी एक मुलगा आलाच नाही.

लिदीबद्दल काका जेवढं बोलत तेवढं कुणी कशाबद्दल बोलताना मी ऐकलेलं नाही. घोडा दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो. गोळे नीट बांधलेले हवेत, पडल्यावर फुटणारे. फार कोरडे असतील तर पाणी कमी पडतंय. खण सकाळी रिकामा दिसला तर 'वा, आज काम कमी' असं म्हणायचं नाही, धावत सांगायला यायचं. कारण घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं, आणि नाही सरकलं तर पोटशूळ उठतो, त्यात घोडा दगावतोसुद्धा. एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर मात्र शरीराच्या मानाने लहान असतं. मोकळा सोडला तर घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडंथोडं चरत राहतो. त्याला दोन वेळा पोटभर ही आपली पद्धत चालत नाही. म्हणून चारा थोडाथोडा आणि सतत, आणि दाणा, म्हणजे काकांच्या भाषेत चंदी, मोजून. पाण्याची बादली कधीच कोरडी दिसता कामा नये. दिवसाला तीसेक लिटर सहज लागतं, उन्हात जास्त. या बादल्या भरायचं काम माझ्याकडे आलं, आणि पुढे जे झालं ते त्या बादल्यांमुळे झालं.

मग घोड्याजवळ कसं जायचं ते शिकवलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. थेट समोरून हात नेलात तर तो मध्येच दिसेनासा होतो. मागून गेलात तर तुम्ही नाहीच. म्हणून खांद्याच्या रोखाने, तिरकं, बोलत जायचं. काय बोलायचं हे कुणी सांगत नाही. मी पाढे म्हणायचे. तेराचा पाढा मला घोड्यामुळे पाठ झाला.

मैना पहिल्यांदा भेटली ती खराऱ्याच्या तासाला. १६ वर्षांची, गडद तपकिरी अंग, काळी आयाळ, काळं शेपूट. काका या रंगाला कुमैत म्हणतात. घोड्याची उंची हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे ४ इंच, आणि तीही डोक्यापर्यंत नाही तर मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथपर्यंत. मैना १४ हँड, म्हणजे माझ्या खांद्याच्या किंचित वर. खरारा गोल गोल फिरवायचा, अंगावरची धूळ आणि सुटे केस वर आणायचे, मग ब्रशने केसांच्या दिशेने झटकायचे. मानेखाली एका जागी खरारा लागला की मैना वरचा ओठ लांब करून हवेत थरथरवायची, जणू माझीच पाठ खाजवून देतेय. त्या ओठामुळे मी तिच्या प्रेमात पडले. मनात ठरवूनच टाकलं, पहिली दौड हिच्यावर.

आता खुरांकडे येते, कारण इथेच आमचं घोडं पेंड खात होतं.

खूर रोज साफ करावे लागतात, सवारीआधी आणि नंतरही. तळाला मधोमध रबरासारखा दाट त्रिकोण असतो, त्याला फ्रॉग म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत माती, लीद आणि खडे अडकतात. तसंच राहिलं तर खाच कुजते, काळा चिकट स्राव येतो. तो वास एकदा नाकात गेला की पुन्हा विसरत नाही. आकड्यासारख्या हत्याराने टाचेकडून खुराच्या पुढच्या कडेकडे खरवडायचं, उलटं कधीच नाही, आणि फ्रॉगमध्ये टोक रुतवायचं नाही.

पण आधी पाय उचलायला हवा. मागच्या पायासाठी घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून त्याच्या कुल्ल्याला अगदी खेटून उभं राहायचं. लांब उभं राहिलं तर सुरक्षित वाटतं, पण लाथेचा पुरा जोर तिथेच बसतो. खेटून राहिलं तर निदान नुसते ढकलले जातो आपण. हात पाठीवरून मांडीवर, मांडीवरून खाली सरकवत न्यायचा, उचलायचा नाही. खुराच्या वरच्या सांध्यापाशी हलकंसं दाबायचं आणि म्हणायचं, "पाय." शिकलेला घोडा वजन दुसऱ्या पायावर सारतो आणि हा पाय तुमच्या हातात देतो. देतो हाच शब्द खरा आहे. ४०० किलोच्या जनावराचा पाय आपण उचलू शकत नाही.

मैना तीन पाय द्यायची. पुढचे दोन्ही आणि मागचा डावा. मागचा उजवा पाय द्यायची आणि मी तीन मोजेपर्यंत हिसकावून परत घ्यायची. धाडकन. एकदा तो माझ्या बुटाच्या टोकापासून दोन बोटांवर पडला. मोठ्या मुलांपैकी एकाने सल्ला दिला, "सोडायचा नाही. सोडलास की तिला वाटतं आपण जिंकलो. लाडावलेली आहे ती." मी धरून ठेवला. मैनाने पाय असा झटकला की मी थेट माझ्याच भरलेल्या बादलीत बसले. सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवसानंतर नोंदवहीत तिच्या नावापुढे मी एक शब्द कायम लिहायला लागले: 'हट्टी.'

नोंदवही हा क्लबचा आणखी एक जाच. रोज प्रत्येक घोड्यापुढे लीद, पाणी, चारा, चारही पाय, आणि काही वेगळं दिसलं तर ते. आठवड्यातून एकदा नाडी आणि ताप. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, जबड्याच्या कडेखाली बोटं ठेवून मोजता येते. ताप मागच्या बाजूने घ्यावा लागतो, आणि थर्मामीटरला दोरी बांधून ती शेपटीला चिमट्याने अडकवलेली असते. का, ते मी नव्या मुलांना सांगत नाही. आपोआप कळतं.

सवारी चौथ्या आठवड्यात सुरू झाली, एका स्थूल, शहाण्या पोनीवर. सर मध्ये उभे, लांब दोरीचं टोक त्यांच्या हातात, पोनी त्यांच्याभोवती गोल. पहिले काही दिवस रिकीब नाही, लगाम हातात नाही. का, तर मांड पक्की व्हायच्या आत हातात लगाम आला की माणूस तोल सांभाळायला लगामच ओढतो, आणि त्याचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. साध्या चालीत चार ठोके ऐकू येतात, दुडकीत दोन, कारण कर्णातले दोन-दोन पाय एकत्र पडतात. दुडकीत एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. हे लिहिताना सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी उठायचे तेव्हा पोनी मला बसवायची आणि मी बसायचे तेव्हा ती मला उठवायची. तिसऱ्या महिन्यात एका वळणावर मी सरळ गेले आणि पोनी डावीकडे. लागलं फार नाही, पण डोकं जमिनीला टेकलं होतं म्हणून सरांनी हेल्मेट बाद केलं. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतून कामाचं राहिलेलं नसतं. मला नव्या हेल्मेटपेक्षा घरी काय सांगायचं याचीच काळजी होती.

सहाव्या महिन्यात मैना मिळाली. आठवड्यातून दोनदा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना ती पोट फुगवायची, म्हणून आधी अर्धा कसायचा, दहा पावलं फिरवायची, मग पुन्हा. तिच्यावर मी पहिल्यांदा दुडकीच्या पुढे गेले, तीन ठोक्यांच्या त्या झुलत्या चालीत. उजवीकडच्या वर्तुळात छान जायची. डावीकडे वळलं की दोन-चार ढेंगांत परत दुडकीवर यायची. सर म्हणायचे, तुझा तोल डावीकडे कमी पडतोय. मी घरी आरशासमोर खुर्चीवर उलटी बसून तोल सुधारत होते. हे खरं आहे.

आणि रोज बादल्या. घोडा उभ्या उभ्या आराम करतो तेव्हा मागचा एक पाय सैल सोडतो, खुराचं नुसतं टोक टेकवतो. थोड्या वेळाने पाय बदलतो. हे सगळेच घोडे करतात, त्यात बघण्यासारखं काही नाही. पण मी रोज त्याच वेळी त्याच ओळीने सात बादल्या भरत होते, नळाला धार बारीक होती आणि फोन आत न्यायला बंदी होती. म्हणून बघत होते. बाकीचे सहा आज हा पाय, उद्या तो. मैना डावा. कालही डावा. मी नोंदवहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागले, खेळ म्हणून. तीन आठवड्यांत डाव्याच्या एकोणीस रेघा झाल्या आणि उजव्याच्या दोन.

तरी माझ्या डोक्यात काही जुळलं नव्हतं. जुळलं ते नालबंद आले तेव्हा. ते दर सहा-सात आठवड्यांनी येतात, कारण खूर नखासारखा वाढत राहतो. त्यांनी मैनाच्या मागच्या पायांचे जुने नाल काढून जमिनीवर टाकले आणि मला ते उचलायला सांगितलं. उजवा सगळीकडे सारखा झिजलेला. डावा मागे जाड आणि पुढच्या टोकाला पत्र्यासारखा पातळ. मी नुसतंच विचारलं, "हा असा का?" ते म्हणाले, "टोक घासत चालते. पाय पुरता उचलत नाही." मग उजव्या पायाला नाल ठोकायची वेळ आली आणि मैनाने तो तीन मोजायच्या आत हिसकावून घेतला, आणि त्या वेळी माझं लक्ष पहिल्यांदा वरच्या पायाकडे नव्हतं, खालच्याकडे होतं. मी उजवा उचलते तेव्हा सगळं ओझं कुठे जातं? डाव्यावर. ती मला उजवा पाय नाकारतच नव्हती. तिला डाव्यावर उभं राहवत नव्हतं.

मी रेघांचं पान सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग पानं मागे उलटत गेले, आणि प्रत्येक पानावर माझ्याच अक्षरात 'हट्टी', 'हट्टी', 'आज फारच हट्टी'. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पशुवैद्य आल्या. मैनाला कडक जमिनीवर सरळ दुडकीत नेलं, मी आणि काका दोघांनी आळीपाळीने. काही दिसलं नाही. मग डॉक्टरांनी तिचा मागचा डावा पाय उचलून पोटाकडे दुमडून धरला, मिनिटभर, घड्याळ लावून, आणि सोडल्या क्षणी पुन्हा पळवायला सांगितलं. पहिल्या सात-आठ पावलांना तिचा डावा कुल्ला उसळत होता, लंगडणाऱ्या माणसाचा खांदा उसळतो तसा. माझ्यासारख्या नवशिकीलाही दिसावं इतकं स्पष्ट. एक्स-रेत मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यातले, खालच्या बाजूचे लहान सांधे झिजलेले दिसले. संधिवात. उतारवयाकडे झुकलेल्या, बरीच वर्षं राबलेल्या घोड्यांत नवल नाही, असं त्या म्हणाल्या. पूर्ण बरं होत नाही, सांभाळता येतं: नाल जरा वेगळा, टोक गोलसर, म्हणजे पाय पुढे टाकायला कमी कष्ट. वेदना वाढली तर औषध. आणि एका जागी बांधून ठेवायचं नाही, रोज हलकं फिरवायचं. लहानपणीचं ते कोडं असतं ना, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. डॉक्टर हे कोडं म्हणाल्या नाहीत, मला आपोआप आठवलं.

पण सवारीच्या यादीतून मैनाचं नाव गेलं. शिकवणीचे घोडे पाचाचे चार झाले, मुलं तेवढीच. प्रत्येकाची पाळी लांबली. ज्या मोठ्या मुलाने मला 'सोडायचा नाही' शिकवलं होतं त्याची दुसऱ्या टप्प्याची परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि तो मैनावरच तयारी करत होता. तो मला म्हणाला, "तुला कुणी रेघा मारायला सांगितल्या होत्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच कुणी सांगितल्या नव्हत्या. आणि मोठेपणा कशाला सांगू, दोन-तीन दिवस मलाही तसंच वाटत होतं. पहिली खरी दौड तिच्यावर करायची होती. नोंदवही मिटून ठेवली असती तर आणखी वर्षभर तरी कुणाला कळलं नसतं. मैनाला सोडून.

परीक्षा मी पुढे त्याच शहाण्या पोनीवर दिली. या क्लबांत परीक्षा टप्प्याटप्प्याने असतात आणि सवारीइतकेच गुण सांभाळण्याला असतात. ब्रिटनमध्ये १९२९ साली पोनी क्लब सुरू झाला, तेव्हापासून मुलांना दोन्ही एकत्र शिकवायची ही रीत बऱ्याच देशांत गेली. मला पट्टी बांधण्यात कमी मिळाले. एका पायाची सैल आणि एका पायाची घट्ट झाली होती, आणि घट्ट पट्टी स्नायूबंधांना जास्त वाईट. दौड मात्र झाली, भरधाव नाही, पण झाली. छान वाटलं. अर्जातली ती एक ओळ पुरी झाली, आणि पोनीला थंड होईपर्यंत वीस मिनिटं हातात धरून चालवताना मला ताईंचा प्रश्न एकदाचा कळला.

मैनाला आता रोज संध्याकाळी मी फिरवते. खोगीर नाही, नुसती तोंडावरची मोहरकी आणि दोर. डावीकडची वळणं मोठी घेतो, मऊ जमिनीवरून. नंतर खूर. उजवा पाय आता मी वर ओढत नाही, जमिनीपासून वीतभरच, जवळजवळ माझ्या बुटावर टेकवून धरते, म्हणजे तिला डावीकडे पुरतं झुकावं लागत नाही. काकांनीच हे दाखवलं. वाकून माझी कंबर धरते, पण चालतं. मोजायची सवय राहिली आहे. सुरुवातीला ती पाचाला कान मागे न्यायची, तिथे मी थांबायचे. मग आठ झाले. थंडीत परत पाच.

परवा सतरापर्यंत गेले. एका बाजूची खाच साफ झाली होती, दुसरी राहिली होती. तिचा कान हलला नव्हता, पण पोटाजवळची कातडी एकदा थरथरली, तेव्हा मीच पाय खाली ठेवला आणि दुसरी खाच थोड्या वेळाने केली.